जावयाच्या हातातलं घड्याळ

इतवाऱ्यात कुणीही नवीन वस्तू घेतली की ती दिगंबरभाऊंना दाखवायला आणायची, ही गल्लीची रीतच पडून गेली होती. मोटारसायकल असो, मिक्सर असो, नाहीतर सुनेच्या पायातले पैंजण असोत. भाऊ चष्मा कपाळावर सरकवायचे, वस्तू उलटीसुलटी करून बघायचे आणि मग बोलायला लागायचे. त्यांचं बोलणं ऐकल्यावर घेणाऱ्यालाच पहिल्यांदा कळायचं की आपण काय घेऊन आलो. माणूस खूश होऊन घरी जायचा, आणि भाऊही खूश.

यंत्रमागावरच्या चादरींच्या काठांची डिझाइन काढण्यात त्यांची हयात गेली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरत बसायचं काम. त्यात उभा काठ आणि आडवा काठ कोपऱ्यात जिथं भेटतात, तिथं खरी परीक्षा. कच्चा माणूस तिथं वेल मध्येच तोडतो, नाहीतर एक फूल कोंबून वेळ मारून नेतो. भाऊंच्या चादरीचा कोपरा मात्र असा वळायचा की वळला कुठं ते सापडू नये. त्यामुळं नजर तयार झाली होती, आणि त्या नजरेचा त्यांना गर्वही होता. "आवडणं वेगळं आणि हवं असणं वेगळं," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. "मला आवडतं सगळंच. पाहिजे काहीच नाही." बायको उषाताई यावर नुसती मान हलवायच्या. त्यांना ते खरंच वाटायचं. खरं तर सगळ्या गल्लीलाच वाटायचं.

लेक तेजस्विनी गावातल्याच लालबागेत दिली होती. घर तालेवार. व्याही लीलाधरभाऊ केळीचे व्यापारी, रोज गाड्या भरून दिल्लीकडं माल. जावई ऋषिकेश इंदूरला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी यायचा. अशा घरात चादरीवाल्याची पोर गेली, म्हणून भाऊंना एकच काळजी होती: आपल्यावरून पोरीला तिथं कधी मान खाली घालावी लागू नये. म्हणून ते जपून वागायचे. लालबागेत जास्त जायचं नाही, गेलं तर जास्त बसायचं नाही, आणि नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. जुन्या लोकांची रीत होती ती, आणि ती पाळणारे आपणच उरलो, असं ते जरा मिरवूनही सांगायचे.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेजस्विनीला माहेरी आणायला ते लालबागेत गेले. ऊन मी म्हणत होतं. ती आत पिशवी भरत होती. बैठकीत लीलाधरभाऊ, विहीणबाई आणि ऋषिकेश. विहीणबाईंनी पन्ह्याचा ग्लास पुढं केला. भाऊंनी हात जोडले. "राहू द्या विहीणबाई, नातवाच्या हातून घेऊ." ग्लास तसाच ताटलीत राहिला.

आणि तेवढ्यात ऋषिकेशनं पंख्याचं बटण दाबायला हात वर केला. मनगटावर घड्याळ होतं.

भाऊंनी आजवर घड्याळं काय कमी पाहिली होती? पण हे गोल नव्हतं. उभं, चौकोनी, रुंदीपेक्षा लांबीला जास्त. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला तेव्हाच उषाताई तिथं असत्या, तर पायावर पाय दिला असता. पण त्या घरी पुरणाच्या तयारीत होत्या.

"ऋषिकेशराव, जरा बघू."

जावयानं हात पुढं केला. लांबून सपाट दिसणारी ती पेटी जवळून किंचित कमानीसारखी वाकलेली होती, मनगटाच्या वळणाबरोबर. तबकडी गडद निळी. तिच्यात वर एक लहान वर्तुळ, खाली एक लहान वर्तुळ, आणि उजव्या कडेला चावीच्या दोन्ही बाजूंना दोन चपटी बटणं. ऋषिकेशनं एक दाबून दाखवलं. बारीक काटा निघाला, दुसऱ्यांदा दाबल्यावर थांबला. पण भाऊंचं लक्ष काट्याकडं नव्हतंच, ते कोपऱ्यांकडं बघत होते.

"गोल घड्याळाला कोपराच नसतो हो," ते म्हणाले, "म्हणून त्याची परीक्षाच होत नाही. काटे गोल फिरणार, आणि घर चौकोनी. मग चार कोपरे रिकामे पडणार. त्यांचं करायचं काय? दुसरा कुणी असता तर नक्षी भरली असती. यानं काय केलं बघा, एक, पाच, सात, अकरा, हे आकडे थोडे ताणून कोपऱ्याकडं नेले. बाकीचे जागच्या जागी. डोळ्याला कळतसुद्धा नाही. आणि आत हे दोन गोल ठेवले, म्हणून चौकोन कडक वाटत नाही. कुणी केलं असेल हे? हा माणूस भेटला ना, तर पाया पडेन मी त्याच्या."

लीलाधरभाऊ हसत होते. विहीणबाईही ऐकत होत्या. ऋषिकेशला तर काय, आपल्याच हातातलं घड्याळ नव्यानं दिसत होतं. बढती मिळाली तेव्हा त्यानं ते घेतलं होतं, मनात धरून धरून, किती दिवस काचेबाहेरून बघून. इतकं कुणी समजून घेतलेलं पाहून पोराला भरून आलं. त्यानं पट्टा सोडला आणि घड्याळ भाऊंपुढं धरलं.

"पप्पाजी, तुम्हाला इतकं आवडलं ना, तो रख लो तुम्हीच. सच में."

आता असं कुणी म्हटलं की काय करायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नको नको म्हणायचं. हात मागं घ्यायचा. तुमच्याच हाताला शोभतं म्हणायचं. समोरचा पुन्हा आग्रह करतो, आपण पुन्हा नाही म्हणतो, देणाऱ्याचंही मन मोठं ठरतं, आपलंही, आणि वस्तू जिथली तिथं राहते. दिगंबरभाऊंनी आयुष्यभर हेच केलं होतं. हे त्यांना शिकवायला नको होतं.

सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं: भाऊंनी हात पुढं केला. कोपरापर्यंत बाही सारून, मनगट वर करून. आणि ऋषिकेशनं क्षणभर थांबून पट्टा बांधला.

लीलाधरभाऊंचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. विहीणबाईंनी पन्ह्याचा ग्लास उचलून आत नेला. पडदा सारून तेजस्विनी पिशवी घेऊन बाहेर आली. तिनं आधी नवऱ्याचं मनगट पाहिलं, घड्याळाएवढा गोरा पट्टा उरलेलं, आणि मग वडिलांचं. तिचे कान लाल झाले. "चला पप्पा," एवढंच म्हणाली.

लालबागेपासून इतवाऱ्यापर्यंत रिक्षात ती बाहेर बघत बसली. भाऊ बाही खाली ओढत होते आणि घड्याळ बाहीत मावत नव्हतं. तेव्हाच परत फिरावं, असं त्यांच्या मनात आलं. पण घड्याळ मनगटावर असं बसलं होतं की जणू माप घेऊन केलं, आणि त्या वेळी, ऐन लाजेतसुद्धा, त्यांना ते आवडत होतं. हवंही होतं. इतक्या वर्षांची फुशारकी एका पट्ट्यात बांधली गेली होती.

उषाताईंनी दारातच पाहिलं. "हे काय?"

"जावयानं दिलं."

"जावयानं दिलं, का तुम्ही घेतलं?"

भाऊ चपला काढायला खाली वाकले. उषाताई पुरणाकडं वळल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आखाजीला लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात. तेजस्विनी तीन घरांच्या झोक्यांवर जाऊन आली, आणि तिसऱ्या घरून लवकर परतली. तिथं लालबागेची कुणी बाई आलेली होती. तिनं हसत हसत विचारलं होतं, "तुझ्या पप्पांनी म्हणे पाणीसुद्धा घेतलं नाही, घड्याळ तेवढं घेतलं?"

तेजस्विनीनं हे आईला सांगितलं. भाऊ पलीकडच्या खोलीत होते. भिंत पातळ होती. त्या भिंतीआड बसून माणसाला काय वाटलं असेल, ते ज्याचं त्यानं समजावं.

सण संपल्यावर लेकीला पोहोचवायला ते घड्याळ रुमालात गुंडाळून लालबागेत गेले. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पण बैठकीत नुसते लीलाधरभाऊ होते, आणि ऋषिकेश इंदूरला गेलेला. रुमाल उघडताच व्याह्यांनी हात वर केला.

"दिगंबरभाऊ, हे काय? दिलेलं परत घेऊ म्हणता? मग काय आमच्या पोरानं तोंडदेखलं दिलं होतं का?"

आता यावर काय बोलायचं? होय, तोंडदेखलंच दिलं होतं, आणि मी खरं समजून घेतलं, असं म्हणायचं? भाऊंनी रुमाल पुन्हा बांधला. घरी येऊन घड्याळ कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. उषाताईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या साड्या वरच्या फळीवर हलवल्या.

गोष्ट गल्लीत यायला वेळ लागत नाही. मोतीलालनं नवी स्कूटर घेतली तेव्हा तो रिवाजाप्रमाणं दाखवायला आला, पण चावी मुठीत धरून म्हणाला, "भाऊ, बघा खुशाल, पण देणार नाही हां." चारजण हसले. भाऊही हसले. त्यानंतर संध्याकाळी ते ओट्यावर बसेनासे झाले.

लालबागेला जाणं तर बंदच. तेजस्विनीला दिवस गेले, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत. पण दवाखाना जवळ पडतो म्हणून ते लालबागेतच करायचं ठरलं. कारण बरोबर होतं. तरी उषाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि भाऊंनी कारण विचारलं नाही.

मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं तेव्हा कुठं दोघं तिथं गेली. घर पाहुण्यांनी भरलेलं. ऋषिकेशनं पुढं येऊन वाकून नमस्कार केला. इतक्या उकाड्यात त्यानं पूर्ण बाहीचा शर्ट घातला होता, आणि बाह्यांची बटणं लावलेली. आत दुसरं घड्याळ असेल किंवा नसेल. भाऊंनी तिकडं पाहिलंच नाही.

स्वयंपाकघराच्या दारात तेजस्विनी भेटली. अंगानं उतरलेली, डोळे मोठे झालेले. वडिलांच्या शर्टाची कॉलर सरळ करता करता ती हळूच म्हणाली, "पप्पा, आज कशालाही छान म्हणू नका हां. प्लीज."

"नाही म्हणत," भाऊ म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. पाळणा नवा होता, सागवानी, त्याच्या दांड्या वर येताना जिथं एकत्र वळल्या होत्या ते वळण पाहून एरवी ते खाली बसले असते. त्यांनी मान फिरवली. विहीणबाईंच्या पैठणीचा काठ, चांदीचं निरांजन, दारावरचं तोरण, सगळ्यांवरून नजर नुसती नेली, आणि जमिनीकडं बघत बसले. नाव ठेवलं गेलं. अमृता.

मग उषाताईंनी बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. इवलंसं तोंड, मूठ आवळलेली, आणि भुवई, कुणी एका फटक्यात काढून हात उचलावा अशी. ती भुवई तेजस्विनीचीच होती. ती जन्मली तेव्हा याच भुवईवर भाऊ अर्धा तास बोलत बसले होते, आणि दवाखान्यातल्या नर्स काम सोडून ऐकत उभ्या होत्या. सांगायचं सगळं ओठांवर आलं. लीलाधरभाऊ मोठ्यानं म्हणाले, "हं, दिगंबरभाऊ, बोला. कशी आहे आमची नात?"

सगळे थांबले. जुनी ख्याती होती. हसायला म्हणून थांबले असतील काही, काही खरंच ऐकायला. तेजस्विनी भिंतीला टेकून उभी होती.

भाऊंनी बाळाकडं पाहिलं, मग लेकीला दिलेला शब्द आठवला.

"बरी आहे," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. विहीणबाई म्हणाल्या, "नुसती बरी?" आणि बायका पेढ्यांच्या ताटाकडं वळल्या. भाऊंनी मान वर केली, आपण सांभाळलं का ते लेकीला विचारावं तशी. तेजस्विनीचे डोळे भरले होते. ती पुढं आली, वाकली, वडिलांच्या मांडीवरून आपली मुलगी उचलली आणि आत गेली.

तेव्हा त्यांना कळलं. पोरीनं मना केलं होतं ते वस्तूंचं कौतुक करायला. आपल्या लेकीबद्दल वडील काय म्हणतात, हे ऐकायला तर ती बारा दिवस वाट बघत होती. भाऊ तिथंच बसून राहिले. आत जाऊन सांगावं असं फार वाटलं, पण उठायचा धीर झाला नाही.