कमानीची दोरी

“उद्या सकाळी काँक्रीट येतंय आणि तुमच्या कमानीला पोट सुटलंय!” साहेब साइटवर पाऊल टाकताच कडाडले.

टिटवाळ्याच्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर आम्ही काँक्रीटची चपटी कमान बांधत होतो. मी साइट इंजिनीअर, राहणार वर्तकनगर. सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या लाकडी साच्याचे, मिस्त्री अन्सारीचाचा. गोलाई काढायची नेहमीची पद्धत सोपी. जमिनीवर मध्याला खिळा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला पेन्सिल, आणि फिरवा. पण कमान जेवढी चपटी तेवढा मध्य लांब जातो. आमचा मध्य गेला थेट कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, शेजारच्या प्लॉटमधल्या चिखलात. चाचांनी खिळा आपला अलीकडे ठोकला. दोरी आखूड झाली आणि साचा मधोमध फुगला.

“मिस्त्री बदला,” साहेब म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

“साहेब, संध्याकाळपर्यंत थांबा. नाही जमलं तर मीच दुसऱ्या मिस्त्रीला फोन करते.”

चाचा मान खाली घालून ऐकत होते. साठीच्या माणसाला दुसरी साइट कोण देणार?

म्हटलं, मध्य गेला खड्ड्यात. गेटची रुंदी माहीत आहे, मधली उंची माहीत आहे. तेवढ्यावर गोलाई निघते, हे शाळेतलं प्रमेय. मी रुंदीच्या दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणली.

“चाचा, ही जीवा. वर्तुळावरच्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ.”

“हमारे उर्दू स्कूल में वतर बोलते थे, मॅडम. मतलब कमान की डोरी. तीर वाली कमान.”

मी थबकलेच. अरे, जीवा म्हणजे संस्कृतातही धनुष्याची दोरीच की! आमचे कन्सल्टंट तमिळ, जन्म डोंबिवलीतला. त्यांना लगेच फोन लावला.

“सर, कॉर्डला तमिळमध्ये काय म्हणतात?”

“नाण. धनुष्याची दोरी. का गं, आज अचानक?”

इंग्रजी कॉर्डसुद्धा मूळची तातच, म्हणजे आतड्याची दोरी. मधल्या उंचीला जुन्या गणितात शर म्हणत, लॅटिनमध्ये सजिटा. दोन्हींचा अर्थ बाण. आणि कमान हा आपला शब्द फारसीतला, तिथे तो चक्क धनुष्य! कोणी कोणाकडून घेतलं, कोणाला आपलं आपण सुचलं, मला ठाऊक नाही. पण कुठकुठली माणसं वर्तुळाचा तुकडा बघत बसली आणि इतक्या जणांना त्यात धनुष्य दिसलं. खरं सांगते, त्या सिमेंटच्या धुळीत माझ्या अंगावर काटा आला.

मग चाचांनी दोरीच्या मध्यावर मधल्या उंचीएवढी पट्टी उभी ठेवली, आणि दोन लांब पट्ट्या दोन खिळ्यांना टेकवून तिच्या टोकाशी, म्हणजे कमानीच्या शेंड्याशी, एकमेकींना घट्ट जोडल्या. त्यांच्यातला कोन हलता कामा नये. दोन्ही पट्ट्या दोन खिळ्यांना टेकवत सरकवल्या, की जोडावरची पेन्सिल गोलाई काढत जाते. मध्य लागतच नाही.

“सुभानअल्लाह,” रेघ पुरी झाल्यावर चाचा हळूच म्हणाले.

संध्याकाळी साहेब आले. जमिनीवर ताणलेली दोरी, वर गोल रेघ, मधोमध उभी पट्टी. बघतच राहिले.

“हे धनुष्य कोणी काढलं?”

“चाचांनी,” मी म्हटलं.

रात्री साचा बदलला, सकाळी काँक्रीट पडलं. पुढच्या बिल्डिंगचं सेंटरिंगही चाचांकडेच आहे. मी एवढंच शिकले: मध्य हाताला लागत नसेल तर दोन टोकं धरावीत. आणि मिस्त्री बदलण्याआधी, त्याला खिळा ठोकायला जागा होती का, ते बघावं.