रक्तात बुरशी आणि रुसलेले काका

मंडळी, आज डोकं फिरलंय.

आतड्याच्या ऑपरेशननंतर बाबा आयसीयूत आहेत. अँटिबायोटिक बदलून बदलून दिली, तरी ताप उतरेना. आज सकाळी रिपोर्ट आला, रक्तात बुरशी! डॉक्टर म्हणाले, "मानेतल्या सलाइनच्या नळीवाटे शिरली असावी. दवाखान्यात हे होतं कधी कधी. ती नळी काढतो आणि बुरशीवरचं सलाइन लगेच सुरू करतो."



भेटीच्या वेळेला पुलगावहून काका आले. "बुरशी? ते तं लोणच्याले येते!" असं म्हणत हात न धुताच बाबांच्या सलाइनची पट्टी चाचपायला लागले. मी त्यांचा हात धरला. "काका, आधी हात धुवा."

"मी काय परका आहो काय वं? सख्ख्या भावाले हात नाई लावू देऊन राह्यली!" काका तरातरा निघून गेले.

थोड्या वेळाने एका सिस्टरनाही तेच सांगावं लागलं. त्या निदान "सॉरी" म्हणाल्या आणि हात धुऊन आल्या.

आत्ता काकूंचा फोन आला, "काकाची माफी मागून घेजो."

औषध सुरू झालंय, पण बाबा अजून तापाने फणफणताहेत. आणि माफी मी मागायची? खरंच सांगा, "हात धुवा" म्हणणं हा अपमान आहे का?