भाकऱ्यांची वेबसाइट

घणसोली गावात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी वेबसाइट बनवायला शिकते. काही अडलं की लॅपटॉपलाच दटावते, "शहाण्या, सकाळी तर चालत होतास!" जमलं की जिन्यातून हाक मारते, "काकी, या ना लवकर!"

काल तिने माझ्या तांदळाच्या भाकऱ्यांची वेबसाइट दाखवली. फोटोवर बोट ठेवलं की ऑर्डरचा आकडा तिथल्या तिथे वाढायचा. मी घाबरत विचारलं, "माझा फोन नंबर टाकलास का गं?"

"नाही. आमच्या क्लासचे सर म्हणाले, नंबर पाहिजेच. मी म्हटलं, आमच्या काकींना नको."

फोनवर बोलायला मी लाजते, त्यात गिऱ्हाइकं जातात, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. माझा फोन वाजून वाजून थांबतो, ते वर ऐकू जात असणार.