एक पाय नवा

खुर्ची समोर आली की मिस्त्री आधी तिला पालथी घालायचा. सांध्यांवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "शेट, तोंड नका बघू, पोट बघा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाला सोनं, धंद्याला विष.

मी हिंगोलीत भंगाराच्या हातगाडीपासून वर आलो. नव्वदनंतर लोक प्लायवूडचे सोफे घ्यायला लागले आणि जुन्या साहेबी बंगल्यांतलं सागवान माझ्या दुकानात येऊन पडू लागलं. रुंद हातांच्या खुर्च्या, सरळ पट्ट्यांचे बाक. नक्षी नाही, खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर. ते मी कवडीमोलानं घ्यायचो आणि नांदेड-हैदराबादच्या हौशी लोकांच्या दिवाणखान्यांत पोचवायचो. मधली दुरुस्ती मिस्त्रीची. तो जवळच्याच गोरेगावहून, आमच्याच जिल्ह्यातल्या, जीपला लटकून यायचा.

त्याची एक खोड होती. तुटक्या जागी नवं लाकूड बसवलं की बाहेरून रंग जुळवायचा, आतली बाजू मात्र कोरी ठेवायचा.

"काहून? तिथं पॉलिश लावलं तर हात झिजते का तुझा?" मी ओरडायचो.

"पुढच्या मिस्त्रीले कळाया पायजे, शेट. कोन्तं जुनं, कोन्तं माझं."

"पुढचा मिस्त्री इकत घेणार हाय का?"

"न्हाई. पर तो मले शिव्या देईल ना."

एवढं बोलून हसायचा आणि रंधा मारू लागायचा.

एकदा नांदेडचे एक डॉक्टर चार खुर्च्या बघायला आले. चारही अस्सल जुन्या, असं मी शपथेवर सांगितलं. सौदा ठरतच आला होता. डॉक्टरांनी सहज मिस्त्रीला विचारलं, "सगळं मूळचंच ना?" मी डोळे वटारले. मिस्त्रीनं एक खुर्ची पालथी घातली.

"तीन बराबर हायेत. हिचा एक पाय नवा हाय. मीच बसवला."

विचार करून कळवतो, म्हणून डॉक्टर निघून गेले. मी मिस्त्रीची हत्यारांची पिशवी उचलून रस्त्यावर फेकली. पटाशी दगडावर आपटली, धारेला खांड पडली. त्यानं ती उचलली, उजेडात धरून पाहिली. "हत्याराले काहून मारता, शेट," म्हणाला आणि गेला.

आठव्या दिवशी डॉक्टर परत आले. माझ्याच भावात चारही खुर्च्या घेतल्या. वर म्हणाले, "घरचा कोच दुरुस्त करायचाय. तो मिस्त्री पाठवा, खरं बोलतो."

तो गावाला गेलाय, असं मी सांगितलं.

मालकाच्या तोंडावर त्यानं तसं बोलायला नको होतं, हे मला आजही वाटतं. पण सौद्यात आधी बोलेल तो हरेल, हा बाजाराचा नियम मी घरच्या माणसांनाही लावला, आणि त्यालाही. येईल झक मारत, म्हटलं. दुसरा सुतार ठेवला. त्यानं खुंट्या काढून खिळे ठोकले. खिळ्यांनी सागवान उभं तडकलं.

दोनेक महिन्यांनी मिस्त्री आला. रस्त्यापलीकडे उभा राहिला, खांद्याला पिशवी. मी पाहिलं आणि पेपर उघडला. 'ये' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पान उलटून वर पाहिलं, तर गोरेगावची जीप निघून चालली होती.

पुढच्या उन्हाळ्यात तो वारल्याचं त्या जीपवाल्यानंच सांगितलं.

"त्या दिवशी सीटा भरल्या होत्या, शेट," तो म्हणाला. "पर मिस्त्रीनं मले थांबवून ठेवलं. म्हणे, जरा दम धर, शेट बलावतेत का बघून राहिलो."