चाळलेली माती

आमची नात पुण्याला कॉलेजात प्लास्टिकचा अभ्यास करते. मातीत गेलेलं प्लास्टिक कसं झिजतं, किती बारीक होतं, पुढं कुठं जातं, असला अभ्यास. मागल्या उन्हाळ्यात ती डेमू गाडीनं दौंडला उतरून घरी आली, ती मोकळ्या पिशव्या घेऊनच.

"आबा, आपल्या रानातली माती पाहिजे."

"ने की," आमचे मालक म्हणाले. "पर परत आणून टाक. आपलं रान आधीच कमी हाय."

आमच्याकडं कलिंगड असतं. मातीच्या उंच बेडवर मल्चिंग पेपर अंथरायचा, म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद, वरून रुपेरी, खालून काळा. त्यानं तण येत नाही. पीक निघाल्यावर तो गोळा करायचा असतो, पण वेलात अडकलेल्या चिंध्या कोण वेचत बसणार? सगळे वरून ट्रॅक्टरनं रोटर मारतात, आम्हीही मारला. मातीत गेला म्हणजे गेला, असंच सगळे धरून चालले होते.

नातीनं माझ्या पातेल्यात मिठाचं पाणी केलं आणि त्यात माती ढवळली. माती खाली बसली. वर काळा-रुपेरी चुरा तरंगत राहिला.

"ह्ये कवा जायाचं?" मालकांनी विचारलं.

"जात नाही, आबा. उन्हानं कडक होतं, मोडतं. मोडलेलं परत मोडतं. नुसतं बारीक होत जातं."

मालकांनी तो चुरा चिमटीत धरून बघितला. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं, डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. आमच्या भागात हल्ली बरेच जण राख नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा घेऊन त्यात राख टाकतात आणि वर झाड लावतात. मालकांनी बांधाजवळची जागा सांगून ठेवली होती, वर आंबा लावा म्हणाले होते. नातीनं माती उचलली ती नेमकी त्याच कोपऱ्यातून.

दुसऱ्या दिवशी ते चाळणी घेऊन निघाले.

"माझी गव्हाची चाळणी हाय ती."

"गहू सुपानं पाखड. मला माझी जागा साफ करू दे."

"मेल्यावर तुम्हाला कळणार हाय का, कचरा हाय का न्हाई?"

"तवा न्हाई कळायचं. आत्ता कळतंय ना."

उन्हाळाभर त्यांनी तेच केलं. माती उकरायची, उन्हात पसरायची, वाळली की ढेकळं तळहातानं चोळून चाळायची. वर राहिलेल्या चिंध्या गोणीत भरायच्या. दम लागला की बांधावर बसायचे. शेजारचा गडी जाता-येता चिडवायचा, "आबा, हंडा घावला का?"

"घावल्यावर तुला सांगीन व्हय?"

गौरी-गणपती झाले आणि ते गेले.

राखेसाठी खड्डा घेतला तेव्हा माती पिठासारखी निघाली. एक चिंधी दिसली नाही. मुलगा म्हणाला, "आबांनी जागा चकाचक केली." भावकीतल्या माणसांनीही माना डोलावल्या. राख टाकली, आंब्याचं रोप लावलं. नातीनं खड्ड्यातली मूठभर माती आधीच बाजूला काढून ठेवली होती.

"आज्जी, तपासू का?"

"तपास. विचारतीस काय?"

दिवाळीला आली तेव्हा ती त्या मातीचं नाव काढीना. मीच विचारलं.

"राहू दे ना, आज्जी."

"बोल."

मग तिनं सांगितलं. मोठे तुकडे राहिले नव्हते. पण डोळ्यांना न दिसणारे बारीक कण बाकीच्या रानापेक्षा त्या कोपऱ्यात जास्त निघाले. पेपर आधीच कडक झालेला होता. ढेकळांबरोबर तोही तळहाताखाली मोडला आणि चाळणीतून खाली उतरला.

"फोनवर मला सांगायचे, आज एवढं चाळलं म्हणून," ती रडत म्हणाली. "ओल्या मातीतून नुसतं हातानं वेचा, एवढं मी सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय, करू दे."

"बरं वाटत व्हतं, ते खरं हाय," मी म्हटलं. जो माणूस दोन पायऱ्या चढून बसायचा, तो उन्हात माती चोळत होता. आणि त्याच्या चोळण्यानंच ती घाण वाढली.

तिनं डोळे पुसले. "आपण ती माती काढून दुसरी टाकू या का?"

"राख मिसळली त्यात. कुठली काढशील?"

सुट्टी होती तरी दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेली.

मुलाला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. थंडी ओसरताना त्यानं कलिंगडासाठी नवे बेड पाडले आणि पेपरचे रोल आणले. मी नुसतं बघितलं त्याच्याकडं.

"आये, खुरपायला बाया मिळत्यात का? तूच सांग."

मिळत नाहीत. पेपर अंथरताना आंब्याभोवतीची तेवढी जागा त्यानं सोडली.