डेलबर्टची यंत्रं

मोंटानातल्या डेलबर्ट स्ट्राउडनं गॅरेजात काडतुसं भरायची जुनी हातयंत्रं देव्हाऱ्यातल्या देवांसारखी मांडली होती. येईल त्याला तो त्यांची कुळकथा ऐकवी आणि दुकानातली काडतुसं वापरणाऱ्यांना माणसांत धरत नसे. बायको वर्नाला त्या मिजाशीचा वीट आला होता.

यंदा दोघं शिकारीला गेली. सांबराएवढं हरीण समोर आलं. डेलबर्टनं चाप ओढला, तर नुसतं फट् झालं आणि गोळी नळीतच अडकली. हरीण चरतच राहिलं.

"काडतूस भरताना पाहुण्यांपुढे फुशारक्या मारत होतास," वर्ना म्हणाली. "दारू घालायचीच राहिली."

तिनं आपल्या बंदुकीनं हरीण पाडलं.

"दुकानातल्या गोळीचं मटण आहे. चालेल ना तुला?"