थोरल्याच्या हातचा भात

परदेशातल्या विद्यापीठात मी जन्मभर एकच विषय शिकवला: दोन देश वाटाघाटीला बसतात तेव्हा काय बोलायचं टाळतात. त्यावर पुस्तकं लिहिली, तिथलं नागरिकत्व घेतलं, तिथल्या परराष्ट्र खात्याला सल्लेही दिले. खातं मोठं सभ्य. माझं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि मनाला येईल तेच करायचं.

आमचं घर जव्हारजवळच्या जामसर गावचं. नवा भात घरात कुणी खायच्या आधी पितरांपुढे ठेवायचा, आणि तो थोरल्या मुलानं ठेवायचा, अशी आमच्यात रीत. वडील गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. पण इथे कापणी होते तेव्हा तिकडे माझे वर्ग ऐन भरात. मी जव्हारच्या स्टँडवर उतरायचो तो मे महिन्यात, सुट्टीत. म्हणून फोनवरच आईला सांगून टाकलं, धाकट्या भावाच्या हातून ठेवा.

दर वर्षी कापणीनंतर विचारायचो, "आई, भात ठेवला का?"

"ठेवला रं. धाकल्यानं ठेवला."

झालं. मी माझ्या कामाला मोकळा.

सुट्टीत आलो की ती मला भात वाढायची आणि स्वतः नागलीची भाकरी घेऊन बसायची. भातानं पोट जड होतं, म्हणायची. मी मान डोलावून जेवायचो.

यंदा भादव्यात ती गेली. मी कुठल्याशा परिषदेत होतो, मातीलाही पोचलो नाही. कापणीला मात्र रजा टाकून आलो. चुलीपाशी बसलो होतो तेव्हा धाकट्याची बायको म्हणाली, "दादा, बाबा गेले तवापून आईनं भात खाल्लाच नाय. आम्ही लय सांगितलं. म्हणं, थोरला ठेवील तवा खाईन. तुम्हाला सांगू नका म्हणून शपथ घातलेली."

स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. फोनवर आई खोटं बोललीच नव्हती. धाकट्यानं भात खरोखरच ठेवला होता. मंत्र्यांच्या निवेदनात काय गाळलंय ते मी चुटकीसरशी सांगायचो, आणि आईला "तू खाल्लास का?" एवढं विचारायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

धाकट्यानं पान मांडलं. मी आजोबांचा घास ठेवला, मग वडिलांचा. माझा हात थांबला.

"आता आईचा," धाकटा म्हणाला.

मी ठेवला. तिला माझ्या हातचा भात मिळाला तो असा, पितरांत जाऊन बसल्यावर.